आधी पंख पाहा, मग नाव सांगा

वारंगा फाट्यावर नांदेड-हिंगोली आणि नागपूर-तुळजापूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना मिळतात. इथं गाडी थांबते ती बहुधा खिचडीसाठी. खाणं उरकून लगेच पुढे निघण्याची घाई नसेल आणि पाऊस उघडून स्वच्छ ऊन पडलेलं असेल, तर फाट्यापासून थोडं आत, शेताकडे जाणाऱ्या एखाद्या पांदणीनं चालत जा. धुऱ्यावर एकदांडीची फुलं असतील तिथं थांबा. अशा जागी एक कीटक दिसण्याची चांगली शक्यता असते. त्याच्या अंगावर मधमाशीसारखी दाट लव असते, तोंडापुढे सुईसारखी ताठ सोंड असते आणि तो फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबलेला असतो. तुम्ही नीट पाहू लागेपर्यंत तो नाहीसा होतो आणि हातभर अंतरावरच्या दुसऱ्या फुलापुढे हजर होतो.

शेतात काम करणारे बहुतेक लोक त्याला मधमाशी समजतात. काही जण चावेल म्हणून हाकलतात. ती मधमाशी नाही आणि चावतही नाही. तिला नांगी नसते आणि ती ताठ सोंड फक्त मकरंद पिण्यासाठी असते. इंग्रजीत या माश्यांना बी-फ्लाय म्हणतात. शास्त्रीय वर्गीकरणात त्यांचं कुटुंब बॉम्बिलीडी. जगभरात या कुटुंबातल्या साडेचार हजारांहून अधिक जातींना नावं मिळाली आहेत आणि त्यांची सर्वाधिक विविधता कोरड्या व निमकोरड्या उष्ण प्रदेशांत आढळते. कळमनुरी तालुक्याचा माळ, मुरमाड बरड आणि काळ्या रानाच्या कडेचे उघडे धुरे त्यांना मानवणारेच आहेत. फुलावरची माशी बी-फ्लाय आहे की नाही, असेल तर कोणत्या गटातली, आणि तिच्या असण्यावरून त्या जमिनीबद्दल काय समजतं, हे कसं ओळखायचं ते इथं सांगतो.

सुरुवात पंखांच्या संख्येपासून करा. मधमाशी, गांधीलमाशी, भुंगा यांना पंखांच्या दोन जोड्या, म्हणजे चार पंख असतात. माशीला दोनच. मागच्या जोडीच्या जागी तिच्याकडे गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळायला त्या कामी येतात. अर्थात, उडत्या कीटकाचे पंख मोजणं सोपं नाही. शिवाय मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे तेही दोनच वाटतात. म्हणून डोक्याकडे वळा. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वाकल्यासारख्या असतात. बी-फ्लायच्या मिशा इतक्या आखूड की डोळ्यांमधून फुटलेल्या दोन काटक्यांसारख्या वाटतात. डोळे मोठे असतात आणि अनेक जातींच्या नरांत ते माथ्यावर जवळजवळ एकमेकांना टेकलेले असतात. एवढ्यावरून पुष्कळदा नर की मादी हेही कळतं.

पायांवरूनही बरंच कळतं. सातेरी किंवा फुलोरी मधमाशीचे मागचे पाय रुंद असतात आणि त्यांवर परागांचे पिवळे गोळे चिकटलेले दिसतात. बी-फ्लायचे पाय लांब, काडीसारखे आणि कमजोर असतात. त्यांवर परागाचा गोळा कधीच नसतो. माशी बसली की पंख कसे ठेवते तेही पाहा. मधमाशी पंख पाठीवर मिटून घेते. बहुतेक बी-फ्लाय बसल्यावरही पंख बाजूंना आणि किंचित मागे पसरून ठेवतात, वरून पाहिलं तर पूर्ण आकृती त्रिकोणी दिसते. दुरून ओळखायला माझ्या मते हीच खूण सर्वांत भरवशाची आहे.

फसवणारे कीटक थोडेच आहेत, पण ते नीट माहीत असावेत. सर्वांत जास्त गोंधळ करते ती अमेजिला नावाची एकलकोंडी मधमाशी, जिच्या पोटावर निळसर किंवा पांढुरके पट्टे असतात. तीही फुलापुढे थबकते, तीही लांब जिभेची, तिचाही आवाज बारीक आणि तीव्र. फरक असा की ती फुलावर उतरते, जीभ वापरून झाली की ती डोक्याखाली दुमडते आणि पुष्कळदा तिच्या मागच्या पायांवर पराग असतो. बी-फ्लायच्या लांब सोंडेच्या जाती सोंड दुमडत नाहीत. उडताना, बसताना ती पुढेच रोखलेली असते. फुलावर त्या पूर्ण भार टाकत नाहीत. पंख चालूच ठेवून पुढच्या पायांनी पाकळीला नुसता आधार घेतात. संध्याकाळी धुऱ्यावरच्या काडीला जबड्यानं घट्ट धरून झोपलेला कीटक दिसला, तर तो अमेजिलाचा नर असण्याची शक्यता मोठी. बी-फ्लाय असं झोपत नाही.

सिरफिड माशी शेतकऱ्यांना मावा खाणाऱ्या अळीची आई म्हणून ठाऊक असते. करडईवर, मोहरीवर ती नेहमी असते. तीही हवेत स्थिर राहते, पण तिचं अंग गुळगुळीत असतं, पोटावर पिवळे-काळे पट्टे चकचकीत दिसतात आणि तोंडापुढे ताठ सुई नसते. दिवसा उडणारा हॉक मॉथ जातीचा पतंगही फुलापुढे थबकतो. पण तो आकारानं बराच मोठा असतो आणि त्याची सोंड स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. राहिली रॉबर फ्लाय. ती शिकारी. तिच्या तोंडावर दाट राठ मिशी असते, दोन डोळ्यांमध्ये माथ्यावर खळगा असतो आणि फुलातल्या मकरंदाशी तिला देणंघेणं नसतं. फांदीच्या टोकावर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या कीटकाची वाट पाहते.

बी-फ्लाय आहे एवढं नक्की झालं की पुढचा प्रश्न, कोणती? इथं लोकांची नजर लगेच अंगाच्या रंगाकडे जाते, आणि नेमकी तिथंच दिशाभूल होते. या माश्यांच्या अंगावरची लव आणि बारीक खवले अतिशय सहज झडतात. कोषातून नुकतीच बाहेर आलेली माशी सोनेरी, दाट केसांची दिसते. तीच माशी आठवडाभर उन्हात, काट्याकुट्यांत फिरली की पाठ उघडी पडते आणि काळी वाटते. एकाच जातीच्या दोन माश्यांना रंगावरून दोन जाती ठरवण्याची चूक जुन्या काळापासून होत आली आहे. पंख मात्र बदलत नाही. त्यावरचे डाग, गडद-फिक्याची सीमा आणि शिरांची मांडणी माशी मरेपर्यंत तशीच राहते. म्हणून माझं सांगणं एवढंच, की रंगावर जाऊ नका, पंख पाहा.

ब्रिटनमध्ये याचं सोपं उदाहरण आहे. तिथं वसंतात दिसणाऱ्या बॉम्बिलियस प्रजातीच्या दोन केसाळ जाती अंगावरून जवळजवळ सारख्या दिसतात. बॉम्बिलियस मेजर या जातीच्या पंखाची पुढची कडा गडद तपकिरी असते आणि मागचा भाग पारदर्शक असतो, मधली सीमा नागमोडी पण स्पष्ट असते. बॉम्बिलियस डिस्कलर या जातीच्या पंखावर तशी पट्टी नसून सुटे सुटे ठिपके असतात. एवढा एक फरक लोकांना शिकवून तिथल्या माशी-अभ्यासकांनी २०१६ पासून सामान्य माणसांकडून दरवर्षी नोंदी मागवायला सुरुवात केली. ज्यांनी कधी कीटकशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं अशा लोकांनी बागेतल्या माश्यांचे फोटो पाठवले आणि त्यांतल्या पुष्कळ नोंदी पक्क्या ठरल्या, कारण काय पाहायचं ते त्यांना नेमकं सांगितलं होतं.

आपल्याकडे पाहण्यासारखे गट वेगळे आहेत. दोन-तीन गटांची पक्की ओळख करून घेतली तर निम्मं काम झालं.

पहिला गट लिगायरा. मोठी, काळी, रुंद पंखांची माशी. पंख गडद तपकिरी-काळे आणि उन्हाचा कोन बदलला की त्यांवर निळी-जांभळी झाक चमकते. लिगायरा टँटॅलस ही या गटातली प्रसिद्ध जात. तिचं वर्णन फॅब्रिशियस या डॅनिश कीटकतज्ज्ञानं १७९४ मध्ये केलं. ती भारतापासून जपानपर्यंत सापडते. तिचं अंग काळं, पोटावर पांढऱ्या खवल्यांचे डाग. दुरून ही माशी काळ्या गांधीलमाशीसारखी वाटते आणि त्यामुळेच लोक तिच्यापासून लांब राहतात. लिगायरा ओळखण्याची खात्रीची खूण पंखाच्या टोकाजवळ आहे. पंखाच्या पुढच्या कडेला समांतर जाणाऱ्या लांब शिरांच्या खाली, टोकाकडच्या भागात शिरांनी वेढलेले छोटे कप्पे असतात. साधारणपणे लिगायरात ते चार असतात, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एक्झोप्रोसोपात तीन आणि अँथ्रॅक्स व विला या प्रजातींत दोन. फोटो चांगला आला असेल तर मोबाईलवर मोठा करून हे कप्पे मोजता येतात. पंख अगदी गडद असेल तर शिरा दिसत नाहीत, तेव्हा फोटोचा उजळपणा वाढवून पाहा.

दुसरा गट बॉम्बिलियस आणि त्याचे जवळचे नातलग. छोटा, गोलसर, केसाळ आकार आणि लांब ताठ सोंड. एकदांडीवर, तीळ-कोथिंबिरीच्या फुलाशी थबकणारी ती बहुधा यांतली.

तिसरा गट मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो. सिस्ट्रोपस. याच्या अंगावर लव जवळजवळ नाही, पोट लांब आणि बारीक कमरेचं, मागचे पाय लोंबते. दिसायला हुबेहूब कमरबारीक गांधीलमाशी. पंख मोजल्याशिवाय कुणालाही पटणार नाही की ही माशी आहे. याच्या अळ्या झाडांवरच्या लिमॅकोडिड कुटुंबातल्या पतंगांच्या अळ्यांवर वाढतात. हात लागला की आग होणारे, काटेरी, चपटे सुरवंट ज्यांनी अनुभवले असतील, त्यांना हा पाहुणा आवडायला हरकत नाही. याखेरीज पाठीला कुबड असलेल्या टॉक्सोफोरा आणि अगदी चिमुकल्या जेरॉन या प्रजाती आहेत. त्या नजरेला पडायला सराव लागतो. त्यांचा नाद सुरुवातीला धरू नका.

आता माशीच्या वागण्याचं. हे नीट समजलं तर ओळख पक्की होतेच, शिवाय जमिनीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

फुलावरची माशी हे त्या प्राण्याच्या आयुष्याचं फक्त शेवटचं, थोड्या दिवसांचं रूप. तेवढ्या दिवसांत ती मकरंद पिते आणि मादी अंडी पक्व करण्यासाठी परागही खाते. त्याआधीचं सगळं आयुष्य दुसऱ्या कीटकाच्या जिवावर जातं. पुष्कळ बी-फ्लायच्या अळ्या जमिनीत घर करणाऱ्या एकलकोंड्या मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांच्या अळ्यांवर वाढतात. काही टोळांच्या अंड्यांवर, काही पतंगांच्या कोषांवर, तर लिगायरातल्या काही जाती हुमणीच्या अळीवर जगणाऱ्या गांधीलमाश्यांवर. आफ्रिकेत सिस्टोइकस प्रजातीच्या अळ्या वाळवंटी टोळांची अंडी खातात, हे टोळनियंत्रणाच्या कामात गुंतलेल्या कीटकतज्ज्ञांनी तपशिलानं नोंदवलं आहे.

मादीची अंडी घालण्याची रीत पाहायला मिळाली तर वेळ काढून पाहा. उघड्या, कोरड्या जमिनीवर ती खाली येते, पोटाचं टोक धुळीत टेकवून थरथरवते आणि पुन्हा वर जाते. अनेक जातींच्या मादीच्या पोटाच्या टोकाशी एक लहानशी पोकळी असते. त्या पोकळीत ती बारीक माती भरून घेते आणि प्रत्येक अंड्यावर त्या मातीचा लेप चढतो. मग ती एखाद्या छोट्या बिळाच्या तोंडाशी हवेत थांबते आणि पोटाला झटका देऊन अंडं बिळाकडे भिरकावते. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. अंड्यातून निघालेली पहिल्या अवस्थेतली अळी बारीक आणि चपळ असते. मातीतून वाट काढत ती आत मधमाशीच्या घरात पोचते. तिथं मधमाशीची अळी पूर्ण वाढेपर्यंत ती थांबते, नंतर कात टाकून गुबगुबीत, पाय नसलेली अळी बनते आणि मग खायला लागते.

फ्रान्समध्ये झाँ आंरी फाब्र यानं अँथ्रॅक्सच्या अळीचं हे खाणं गवंडी मधमाशीच्या घरट्यात बसून बसून पाहिलं आणि १८८६ मध्ये छापलं. त्याला आश्चर्य वाटलं ते असं, की माशीची अळी मधमाशीच्या अळीचं कातडं फाडत नाही. तोंड नुसतं टेकवते आणि रस ओढून घेते. शेवटी राहतं ते एक सुरकुतलेलं, रिकामं कातडं. फाब्रनं त्या कातड्यात हवा भरून तपासलं, तर ते कुठंही फाटलेलं नव्हतं. एवढ्या चिकाटीनं कुणीतरी एका माशीकडे पाहिलं, त्याच्याबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे.

कोषातून बाहेर पडण्याचं काम तर आणखी अवघड. माशीला जबडा नाही, माती पोखरायला नखं नाहीत. म्हणून हे काम कोषच करतो. त्याच्या डोक्यावर कठीण काट्यांचा मुकुट असतो आणि अंगावर मागे वळलेले केस. कोष गोल फिरत, सरकत मातीच्या पृष्ठभागापर्यंत येतो, अर्धा बाहेर डोकावतो, तेव्हा वरचं टरफल फुटून माशी निघते. रिकामं तपकिरी टरफल तिथंच रोवलेलं राहतं. धुऱ्यावर सकाळी लवकर अशी उभी टरफलं शोधता आली तर कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा मोठा पुरावा हाती लागतो. माशी नेमकी त्याच जमिनीत वाढली हे त्यावरून कळतं. घराच्या भिंतीवर कुंभारीण गांधीलमाशी मातीची घरटी बांधते, तिथंही अशी टरफलं अडकलेली सापडू शकतात. घरटी फोडू नका, फोटो काढा.

परजीवी शब्द ऐकला की शेतकऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो फवारणीचा. इथं थोडं थांबायला हवं. बी-फ्लाय पेटीतल्या मधमाश्यांवर अंडी घालत नाही. सातेरी, आग्या, मेलिफेरा यांना तिचा धोका नाही. जंगली एकलकोंड्या मधमाश्यांची संख्या मात्र ती थोडी काबूत ठेवते आणि ते हजारो वर्षं चालत आलेलं आहे. मधमाश्याच नसतील तर त्यांच्यावर वाढणारी बी-फ्लायही नसते. धुऱ्यावर बी-फ्लाय ठरावीक जागेवर पुन्हा पुन्हा घिरट्या घालत असेल, तर त्या ठिकाणी जमिनीखाली बहुधा कुणाचं तरी वसलेलं घर आहे असं समजा. तुरीचं उदाहरण घ्या. तुरीचं फूल मिटल्यासारखं असतं. ते उघडायला दणकट मधमाशी लागते, भुंगा लागतो, पानं कातरणारी मेगाचायली लागते. बी-फ्लाय तुरीवर फारशी दिसत नाही कारण तिला ते फूल उघडता येत नाही. पण तुरीच्या तासांत राबणाऱ्या मधमाश्या ज्या जमिनीत वाढल्या, त्या जमिनीवर ती घिरट्या घालते. तुमच्या शेतातल्या परागीकरणाच्या मजुरांची हजेरी ती अशा रीतीनं सांगते. आणि उघड्या, लहान फुलांवर ती स्वतःही लवेला परागकण लावून फिरतेच. दक्षिण आफ्रिकेत गॉर्टेरिया डिफ्यूजा नावाच्या सूर्यफुलाच्या कुळातल्या रानफुलाच्या पाकळ्यांवर बसलेल्या बी-फ्लायसारखे उंचवट्याचे काळे डाग असतात. तिथल्या मेगापॅल्पस माशीचे नर त्यांना मादी समजून येतात आणि फुलाचं परागीकरण करून जातात. झाडानं एखाद्या कीटकाची इतकी दखल घ्यावी, यावरून त्याचं महत्त्व ओळखावं.

तर शोधायला कुठं जायचं? वारंगा फाट्याहून आखाडा बाळापूरकडे किंवा डोंगरकड्याकडे जाताना रस्त्याच्या अगदी कडेला थांबू नका, वाहनं वेगात असतात आणि तिथं धुळीशिवाय काही मिळणार नाही. आतल्या पांदणीवर उतरा. दक्षिणेकडे तोंड असलेला, गवत विरळ असलेला, मुरमाची भर टाकलेला धुरा शोधा. विहिरीच्या उकिरीचे जुने ढिगारे, शेततळ्याचा बांध, गायरानातली पाऊलवाट याही उत्तम जागा. जवळ एकदांडी, तरवड, कुर्डू, घाणेरी, बियाण्यासाठी ठेवलेला कांदा किंवा फुलावर आलेली कोथिंबीर असेल तर आणखी चांगलं. ऊन तापल्यावर, म्हणजे साधारण सकाळी नऊनंतर जा. ढग आला की या माश्या बसून राहतात आणि त्या वेळी दिसतही नाहीत. फुलांपुढे शोधण्याइतकाच वेळ उघड्या जमिनीकडे पाहण्यात घालवा.

फोटोसाठी महागडा कॅमेरा हवाच असं नाही. आपली सावली माशीवर पडू देऊ नका, सावली पडली की ती उडते. उभ्यानं जवळ जाण्यापेक्षा खाली बसून सरका. मोबाईलमध्ये एकामागून एक फोटो घेणारी सोय असेल तर ती वापरा किंवा स्लो-मोशन चित्रण करून त्यातली चौकट निवडा. पण थबकलेल्या माशीचा फोटो कितीही सुंदर आला तरी ओळखीसाठी तो कमी उपयोगी असतो, कारण पंख धूसर येतात. ती जमिनीवर किंवा पानावर बसण्याची वाट पाहा आणि वरून, दोन्ही पंख पूर्ण दिसतील असा एक फोटो मिळवा. दुसरा बाजूनं, सोंड आणि पोट दिसेल असा. तिसरा समोरून, जमला तर. सोबत फुलाचं नाव, जमीन कशी होती, वेळ, गाव आणि माशी काय करत होती एवढं वहीत लिहा. धुळीत शेपूट टेकवत होती, एवढं एक वाक्यही पुढे अभ्यास करणाऱ्याला मोलाचं ठरतं.

मेलेली माशी सापडली तर चिमट्यानं पायाला धरून उचला, पंखांना आणि पाठीला हात लावू नका. काडेपेटीत कागदाच्या घडीवर कोरडी ठेवा, कापसात गुंडाळलीत तर केस कापसालाच चिकटतात. पेटीवर ठिकाण आणि तारीख लिहिली नसेल तर नमुन्याचा उपयोग जवळजवळ संपतो.

नावाबाबत एक आग्रह धरतो. जिथपर्यंत खात्री आहे तिथंच थांबा. चार कप्पे दिसले, पंख गडद आहे, तर ‘लिगायरा’ लिहा, टँटॅलस लिहिण्याची घाई करू नका. तीच खबरदारी आयनॅचरॅलिस्टसारख्या संकेतस्थळावर फोटो टाकताना घ्या. तिथं यंत्र लगेच नावं सुचवतं. युरोप-अमेरिकेतले फोटो भरपूर असल्यामुळे त्या सूचना तिकडे झुकलेल्या असतात. मराठवाड्यातल्या केसाळ माशीला यंत्रानं बॉम्बिलियस मेजर म्हटलं तर ते मान्य करू नका, ती मुख्यतः थंड, समशीतोष्ण भागातली जात आहे. नुसतं ‘बॉम्बिलीडी’ एवढं लिहूनही नोंद उपयोगाची राहते. चुकीचं नाव लागलेली नोंद मात्र पुढे वर्षानुवर्षं दुसऱ्यांची दिशाभूल करते.

पुस्तकातून शोधायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. भारतातल्या या कुटुंबाचा पहिला सविस्तर ग्रंथ एन्रिको ब्रुनेट्टी यानं लिहिला, ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालिकेत १९२० मध्ये. ब्रुनेट्टी व्यवसायानं संगीतकार होता, कोलकात्यात राहिला आणि माश्यांचा अभ्यास हौसेनं सुरू करून त्यातला जाणकार झाला. त्याच्या ग्रंथात आजची लिगायरा हायपरअलोनिया या नावाखाली आहे, म्हणून शोधताना दोन्ही नावं वापरा. नंतरची दुरुस्ती पाहिल्याशिवाय जुनं नाव नोंदवहीत उतरवू नका. प्रत्यक्ष नमुना तपासून घ्यायचा असेल तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. शेतकऱ्यांसाठी जवळचा मार्ग म्हणजे कळमनुरी तालुक्यातलंच तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला कीटकशास्त्र विभागही आहे. फोटो, वहीतली नोंद आणि जमलं तर टरफल घेऊन गेलात तर बोलणं मुद्द्याचं होतं.

आता धुऱ्याचं. सोयाबीन काढून हरभऱ्यासाठी रान तयार करताना रोटाव्हेटर कडेपर्यंत जातो, आणि गेल्या काही वर्षांत धुऱ्यावर तणनाशक मारण्याची पद्धत वाढली आहे. एकदांडी जळते, कुर्डू जळतं, आणि दोन पावसांत नांगरलेली माती सैल होऊन बिळं मोडतात. एकलकोंड्या मधमाशीचं घर काही इंच खोल असतं, नांगराच्या फाळाला ते सहज लागतं. सगळा धुरा सोडा असं कुणी म्हणणार नाही, जागा महाग आहे हे मला कळतं. पण दक्षिणेकडची एक बाजू, दहा-पंधरा पावलांची, न नांगरता आणि न फवारता ठेवता येते. गवत वाढलं तर विळ्यानं कापा, मुळासकट खोदू नका. तुरीवर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी करावीच लागली तर ती फुलांवर कीटक नसताना, संध्याकाळी करा, आणि तो पट्टा वाऱ्याच्या उलट बाजूला राहील अशी दिशा धरा. हळदीच्या रानाच्या कडेला, जिथं ओलावा सतत असतो, हा पट्टा उपयोगाचा नाही. कोरडी, उंच बाजू निवडा.

पट्टा निवडला की कोपऱ्यावर दगड ठेवून खूण करा, शेजाऱ्याला आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सांगून ठेवा. पहिल्या हंगामात बिळं किती आहेत आणि त्यांच्यावर कोणत्या माश्या घिरट्या घालतात ते पाहा. दुसऱ्या हंगामात त्याच आठवड्यात, त्याच वेळी पुन्हा जा आणि वहीतल्या मागच्या पानाशी ताडून पाहा. बिळं वाढली आणि त्यांच्यावर बी-फ्लायही वाढल्या, तर पट्टा तसाच चालू ठेवा. बिळं घटली तर आधी तणनाशक उडून आलं का, मग जनावरांनी जागा तुडवली का, हे तपासा.